संप्रेरकजन्य कर्करोग, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि ऊतकांमधले बदल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जीवशास्त्र, फार्मसी आणि पॅथॉलॉजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून हे प्रश्न दरवर्षी येतात. बहुतेक प्रश्न प्रयोगाच्या टेबलावरचे आहेत. शेवटचे काही रुग्णांच्या घरच्यांचे. उत्तरांमध्ये एक आग्रह पुन्हा पुन्हा दिसेल: ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा (ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंमुळे पेशीवर येणाऱ्या ताणाचा) आकडा आणि हिस्टोलॉजीची (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या ऊतकाची) स्लाइड एकाच प्राण्याच्या, एकाच टिश्यूच्या, शेजारशेजारच्या तुकड्यांतून आलेली असावी. स्लाइड नसेल तर त्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

हॉर्मोनमुळे कॅन्सर होतो, म्हणजे नेमकं काय होतं?

दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. एस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन आपल्या रिसेप्टरला (पेशीतल्या, हॉर्मोन ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं आणि पेशीला विभाजनाचा आदेश मिळतो. विभाजनं वाढली की डीएनएची नक्कल करताना होणाऱ्या चुकाही वाढतात आणि दुरुस्तीला वेळ कमी पडतो. दुसरीकडे, एस्ट्रोजेनचं शरीरात जे रूपांतर होतं, त्यातले काही पदार्थ स्वतःच डीएनएला इजा करतात. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा विषय मुख्यतः या दुसऱ्या वाटेचा आहे. पण पहिली वाट बाजूला ठेवून त्याचा विचार करता येत नाही.

हॉर्मोन आणि कॅन्सरचं नातं जुनं आहे. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी स्तनाच्या वाढलेल्या कर्करोगात अंडाशय काढले आणि गाठी आक्रसल्याचं नोंदवलं. १९३२ मध्ये आंत्वान लाकासान्य यांनी नर माउसना एस्ट्रोजेन देऊन त्यांच्यात स्तनाच्या गाठी निर्माण केल्या. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी प्रोस्टेटचा कर्करोग अँड्रोजेनवर पोसला जातो हे दाखवलं. त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. आणि १९७१ मध्ये, गरोदरपणात डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम एस्ट्रोजेन घेतलेल्या आयांच्या तरुण मुलींमध्ये योनीमार्गाचा क्लिअर सेल कर्करोग आढळला. या औषधाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग निश्चित घडवणाऱ्या पदार्थांत, ठेवलं आहे.

एस्ट्रोजेनपासून ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कसा तयार होतो?

एस्ट्राडायॉलवर सायटोक्रोम पी-४५० गटातली एन्झाइम्स काम करतात. सीवायपी-१ए१ मुख्यतः २-हायड्रॉक्सी रूप बनवतं, सीवायपी-१बी१ मुख्यतः ४-हायड्रॉक्सी रूप. यांना कॅटेकोल एस्ट्रोजेन म्हणतात. सीओएमटी हे एन्झाइम त्यांना मिथाइल गट जोडून निरुपद्रवी करतं. ते कमी पडलं की कॅटेकोलचं सेमीक्विनोन आणि पुढे क्विनोन होतं. क्विनोनचं परत सेमीक्विनोन होऊ शकतं, आणि सेमीक्विनोन ऑक्सिजनला एक इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा क्विनोन बनतं. हे रेडॉक्स सायकलिंग. प्रत्येक फेरीत सुपरऑक्साइड तयार होतं, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि मोकळं फेरस लोह असेल तर फेंटन अभिक्रियेने हायड्रॉक्सिल रॅडिकल. कॅटेकोलचे थोडे रेणू असले तरी पुरतात, कारण तोच रेणू पुन्हा पुन्हा फिरतो.

४-हायड्रॉक्सीच्या क्विनोनमुळे अ‍ॅडेनिन आणि ग्वानिनला असे जोड तयार होतात की ते बेस डीएनएतून गळून पडतात आणि मोकळी जागा राहते. हायड्रॉक्सिल रॅडिकलमुळे ग्वानिनचं ८-ऑक्सोग्वानिन होतं. नक्कल करताना ते सायटोसिनऐवजी अ‍ॅडेनिनशी जोडी जमवतं, म्हणजे पुढच्या पिढ्यांत जी-सीच्या जागी टी-ए येतं. ओजीजी-१ हे दुरुस्ती करणारं एन्झाइम ते काढून टाकतं, पण विभाजनाचा वेग वाढला की त्याच्यावर ताण येतो. दोन वाटा एकमेकींना मिळतात त्या इथेच.

मग सगळेच एस्ट्रोजेन सारखे घातक का नाहीत?

रिसेप्टरला चिकटण्याची ताकद आणि कर्करोग घडवण्याची ताकद एकाच मापाने मोजता येत नाही. सीरियन हॅमस्टरच्या मूत्रपिंडात ४-हायड्रॉक्सीएस्ट्राडायॉलने गाठी होतात, २-हायड्रॉक्सीने होत नाहीत. नवजात सीडी-१ माउसवरचे आकडे याहून बोलके आहेत: गर्भाशयाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा ४-हायड्रॉक्सीएस्ट्राडायॉलने ६६ टक्के, २-हायड्रॉक्सीने १२ टक्के आणि खुद्द एस्ट्राडायॉलने ७ टक्के प्राण्यांत दिसला. एस्ट्राडायॉलपासूनच बनणारा पदार्थ त्याच्यापेक्षा कितीतरी घातक ठरतो, हे फक्त रिसेप्टरच्या भाषेत समजावता येत नाही.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे कर्करोगाचं कारण की परिणाम?

मौखिक परीक्षेत हाच प्रश्न विचारला जातो, आणि विचारलाच पाहिजे. तयार गाठीत एमडीए (मॅलोनडायअल्डिहाइड, चरबी ऑक्सिडाइज झाल्याची खूण) वाढलेलं दिसणं हा पुरावा नाही. गाठीत नेक्रोसिस (मेलेल्या पेशींचा भाग) असतो, दाहपेशी असतात, रक्तपुरवठा तोकडा असतो; या तिन्हींनी ऑक्सिडेटिव्ह खुणा वाढतात.

कारणाकडे बोट दाखवायचं तर गाठ येण्याआधीच्या टप्प्यांवर मोजायला हवं, आणि स्ट्रेस कमी-जास्त केल्यावर गाठींचं प्रमाण बदलतं का तेही पाहायला हवं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला हॅमस्टरवरचा एक प्रयोग यासाठी जरूर समजून घ्या. सात महिन्यांच्या इम्प्लांटनंतर (त्वचेखाली ठेवलेल्या औषधानंतर) १७-बीटा-एस्ट्राडायॉलच्या गटात मूत्रपिंडाच्या गाठी झाल्या. १७-अल्फा-इथिनिलएस्ट्राडायॉल एकट्याने झाल्या नाहीत. मेनाडायोन, जे रेडॉक्स सायकलिंग करतं पण हॉर्मोन नाही, त्यानेही एकट्याने झाल्या नाहीत. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र गाठींचे फोकाय (सुरुवातीचे छोटे पुंजके) दिसले. पेशींना वाढवणारी शक्ती आणि ऑक्सिडेटिव्ह इजा, दोन्ही लागतात, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे गट फार थोड्या प्रयोगांत सापडतात.

आपल्या प्रयोगात एवढं जमलं नाही तरी किमान तीन वेळा ठरवा: हॉर्मोन सुरू केल्यावर एक-दोन आठवडे, हायपरप्लासियाचा (पेशींची संख्या वाढण्याचा) टप्पा, आणि गाठीचा टप्पा. फक्त शेवटी मोजलेल्या एमडीएवर ‘कारणीभूत’ हा शब्द प्रबंधात लिहू नका.

कुठलं प्राणी-मॉडेल घ्यावं?

स्तनासाठी सर्वांत स्वच्छ मॉडेल एसीआय जातीची मादी रॅट. एस्ट्राडायॉलच्या त्वचेखालील इम्प्लांटने साधारण पाच-सहा महिन्यांत गाठी हाताला लागू लागतात आणि इम्प्लांट चालू ठेवला तर जवळजवळ सगळ्या प्राण्यांत होतात. तोच इम्प्लांट कोपनहेगन जातीच्या रॅटमध्ये घातला तर ती फारशी दाद देत नाही. जात बदलली की प्रयोग बदलतो, म्हणून ‘रॅट आहेत, चालेल’ असं म्हणून विस्टार जातीत एसीआयचा प्रोटोकॉल उतरवू नका. आधी चौकशी करा की ती जात मिळते का, कुठून, आणि आणण्याची परवानगी व क्वारंटाइन धरून किती महिने लागतील. आराखडा त्यानंतर लिहा.

प्रोस्टेटसाठी नोबल रॅटमध्ये टेस्टोस्टेरॉन आणि एस्ट्राडायॉल एकत्र दिल्यास १६ आठवड्यांत डॉर्सोलॅटरल (मागच्या-बाजूच्या) लोबमध्ये डिस्प्लासिया (पेशींची कर्करोगपूर्व बिघडलेली रचना) जवळजवळ हमखास मिळतो. व्हेंट्रल (पुढचा) लोब काढायला सोपा म्हणून तोच काढून आणणारे बरेच असतात. बदल मुख्यतः डॉर्सोलॅटरलमध्ये असतात. मूत्रपिंडासाठी नर सीरियन हॅमस्टर.

डीएमबीए दिलेल्या स्प्राग-डॉली रॅटना ‘हॉर्मोनजन्य’ म्हणता येईल का?

नाही. तिथे सुरुवात रसायनाने होते: सुमारे ५० दिवसांच्या मादीला एकदाच तोंडाटे २० मिग्रॅ डीएमबीए. त्या गाठी हॉर्मोनवर अवलंबून असतात, अंडाशय काढले की बऱ्याचशा आक्रसतात. हॉर्मोनवर पोसलेली गाठ आणि हॉर्मोनने घडवलेली गाठ यांतला फरक शीर्षकातच स्पष्ट असू द्या. शिवाय डीएमबीए स्वतः सीवायपी एन्झाइम्सकडून सक्रिय होतं आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस निर्माण करतं, त्यामुळे एमडीएची वाढ कोणाच्या खात्यावर टाकायची हे ठरवता येत नाही.

इम्प्लांट कसा तयार करायचा?

आतला व्यास १.५७ मिमी आणि बाहेरचा ३.१८ मिमी असलेली वैद्यकीय सिलिकॉन नळी घ्या. एक टोक सिलिकॉन अ‍ॅडहेसिव्हने बंद करून रात्रभर सुकू द्या. एस्ट्राडायॉल कोलेस्टेरॉलमध्ये खलात एकजीव करून भरा. एसीआयसाठी ३ मिग्रॅ एस्ट्राडायॉल आणि १७ मिग्रॅ कोलेस्टेरॉल हे प्रमाण वापरलेलं आहे. कंट्रोलच्या नळीत नुसतं कोलेस्टेरॉल. दुसरं टोक बंद करून नळी ३७ अंश सेल्सियसच्या सलाइनमध्ये २४ ते ४८ तास ठेवा, म्हणजे सुरुवातीचा हॉर्मोनचा लोंढा प्राण्याच्या अंगात न जाता सलाइनमध्ये जातो. हे न केल्यास पहिल्या आठवड्यातली सगळी रीडिंग फुगतात.

चूक बहुतेकदा दुसऱ्या टोकाशी होते. अ‍ॅडहेसिव्ह पुरतं सुकायच्या आत नळी सलाइनमध्ये टाकली की ते सुटतं आणि पावडर त्वचेखाली सांडते. अशा प्राण्याचं वजन झपाट्याने उतरतं. प्रयोगाच्या शेवटी प्रत्येक नळी बाहेर काढून तपासा, उरलेली पावडर तोला. डोस खरंच गेला याचा हा सर्वांत स्वस्त पुरावा आहे.

एस्ट्राडायॉलची पावडर त्वचेतून आणि श्वासातून अंगात जाते. दुहेरी हातमोजे, मास्क, फ्यूम हूड, वेगळा स्पॅच्युला, आणि बेडिंग जाळण्यासाठी वेगळी पिशवी. गरोदर सहकाऱ्यांनी हे काम करू नये.

परवानगी कोणाची लागते?

संस्थेच्या प्राणी-नीतिशास्त्र समितीची, आणि ती प्रयोगाआधी. ही समिती १९६०च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या केंद्रीय समितीकडे नोंदलेल्या संस्थेतच असते. फॉर्म बी भरताना प्राण्यांची संख्या कशी काढली आणि प्रयोग कुठे थांबवणार, हे दोन रकाने ढोबळ भरल्यामुळे अर्ज परत येतात. थांबवण्याचे निकष स्पष्ट लिहा: रॅटमध्ये गाठीचा व्यास सुमारे ४ सेंमी, गाठ फुटणं, वजनात २० टक्के घट, चालता-खाता न येणं. यांपैकी एक जरी झालं तरी प्राणी त्याच दिवशी संपवायचा; उरलेल्या आठवड्यांसाठी त्याला कळा सोसायला लावायच्या नाहीत.

खाद्य आणि पिंजऱ्याने खरंच फरक पडतो?

मोठा पडतो. उंदरांच्या तयार खाद्यात अनेकदा सोयाबीनची पेंड असते आणि सोयात जेनिस्टीन, डायडझीन ही वनस्पतीजन्य एस्ट्रोजेन्स असतात. केसीनवर आधारलेलं एआयएन-९३जी खाद्य घ्या. ते परवडत नसेल तर निदान संपूर्ण प्रयोगाला एकाच बॅचचं खाद्य वापरा. ओरखडे पडलेले, वारंवार ऑटोक्लेव्ह केलेले पॉलिकार्बोनेट पिंजरे बिस्फेनॉल-ए हे एस्ट्रोजेनसारखं वागणारं रसायन सोडतात.

पुण्याचा एप्रिल-मे आणि भारनियमन धरूनच वेळापत्रक आखा. प्राणीगृहाचं तापमान २२ अंशांच्या आसपास हवं. दुपारी वीज गेली की खोली चार तासांत तापते, प्राणी खाणं कमी करतात, आणि उष्णतेचा ताण स्वतःच ग्लुटाथायोन (पेशीतलं संरक्षक अँटिऑक्सिडंट) खाली आणतो. नोंदवहीत रोजचं किमान-कमाल तापमान लिहा. अंतिम विच्छेदन मे महिन्यात येत असेल तर सुरुवातच दोन महिने पुढे ढकला.

कंट्रोल माद्यांचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं असतं. विच्छेदनाच्या सकाळी योनीस्रावाचा स्मीअर पाहून टप्पा नोंदवा. प्रोएस्ट्रसमधली कंट्रोल आणि डायएस्ट्रसमधली कंट्रोल यांची स्तनग्रंथी आणि गर्भाशय वेगळे दिसतात.

गाठ काढल्यावर ती कापायची कशी?

आधी कॅलिपरने दोन व्यास मोजा, मग तोला. गाठीच्या मधोमध ३ मिमी जाडीची चकती काढा, ती फॉर्मलिनमध्ये. चकतीच्या दोन्ही बाजूंना लागून असलेले तुकडे, प्रत्येकी १०० मिग्रॅच्या आसपास, बर्फाच्या थंड सलाइनमध्ये झटकन धुऊन द्रव नायट्रोजनमध्ये टाका, मग उणे ८० अंशांवर. कुठला तुकडा चकतीच्या कुठल्या बाजूचा, हे चित्र काढून लिहा. प्राणी संपवल्यापासून नायट्रोजनपर्यंत पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. ग्लुटाथायोन फार लवकर ऑक्सिडाइज होतं.

यकृत आणि मूत्रपिंडासाठी थंड सलाइनने परफ्यूजन करा (रक्तवाहिन्यांतून सलाइन सोडून रक्त धुऊन काढा). तांबड्या पेशींत कॅटालेज आणि सुपरऑक्साइड डिस्म्युटेज (एसओडी) ही संरक्षक एन्झाइम्स भरपूर असतात. रक्त उरलं तर तुम्ही टिश्यू नव्हे, रक्त मोजता. पिट्यूटरी (मेंदूच्या तळाशी असलेली, प्रोलॅक्टिन हॉर्मोन बनवणारी ग्रंथी) विसरू नका. दीर्घकाळ एस्ट्रोजेन दिलेल्या एसीआय रॅटमध्ये ती बरीच वाढते आणि प्रोलॅक्टिन चढतं. स्तनातला बदल थेट एस्ट्रोजेनचा की प्रोलॅक्टिनमार्गे, हा परीक्षकांचा आवडता प्रश्न आहे, आणि पिट्यूटरीचं वजन हाताशी असेल तरच त्याचं उत्तर देता येतं.

फॉर्मलिन कसं करायचं?

३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. टिश्यूच्या किमान दहापट द्रावण. नळाच्या पाण्यात फॉर्मलिन ओतून काम भागवलं तर ते आम्लधर्मी होतं, आणि स्लाइडवर तपकिरी-काळा फॉर्मलिन पिगमेंट दिसतो. नवखे त्याला हिमोसिडेरिन (रक्तातल्या लोहाचं रंगद्रव्य) समजतात. स्तनग्रंथीत चरबी फार, म्हणून ४८ तास द्या आणि प्रोसेसिंगमध्ये अल्कोहोल व झायलीनचे टप्पे लांबवा, नाहीतर सेक्शनला भोकं पडतात. उन्हाळ्यात ब्लॉक मऊ पडतात. कापण्याआधी दहा मिनिटं बर्फावर पालथे ठेवा.

स्लाइडवर नेमकं काय शोधायचं?

सामान्य नळीत आत एपिथेलियल (अस्तराच्या) पेशींचा एक थर, बाहेर मायोएपिथेलियल (आकुंचन पावणाऱ्या) पेशींचा एक थर आणि त्याबाहेर बेसमेंट मेम्ब्रेन (आधाराचा पातळ पडदा) असते. एस्ट्रोजेनच्या पहिल्या काही आठवड्यांत लोब्यूल आणि अल्व्हिओलाय वाढतात, चरबीची जागा ग्रंथी घेते. हा हायपरप्लासिया, पेशी जास्त, पण चेहरा शहाणा: केंद्रकं सारख्या आकाराची, रांग टिकलेली. पुढे थर तीन-चारचे होतात, केंद्रकं मोठी आणि गडद, केंद्रिका ठळक, रांग बिघडलेली. ही एटिपिया. नळी पेशींनी भरली पण बेसमेंट मेम्ब्रेन शाबूत असेल तर कार्सिनोमा इन सिटू. पेशी बाहेर स्ट्रोमात (भोवतालच्या आधार-ऊतकात) उतरल्या की आक्रमक कर्करोग.

शेवटच्या दोनांमधली रेषा एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन) या नेहमीच्या रंगावर नेहमी स्पष्ट नसते. पी-६३ किंवा स्मूथ मसल अ‍ॅक्टिनचं इम्युनोस्टेन (प्रतिपिंड वापरून ठरावीक प्रथिन रंगवणं) करून मायोएपिथेलियल थर टिकलाय का पाहा. नुसत्या अंदाजाने ‘इन्व्हेजन’ लिहू नका. गाठीचा काठ कापताना तिरपा गेला तरी पेशींची बेटं स्ट्रोमात असल्यासारखी दिसतात, म्हणून दोन पातळ्यांवरचे सेक्शन घ्या.

स्ट्रोमाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा मोठा वाटा तिथेच असतो. मॅसन ट्रायक्रोमवर कोलॅजन निळं किंवा हिरवं दिसतं, ते नळ्यांभोवती दाट झालंय का पाहा. टोल्युइडिन ब्लूवर (पीएच २ ते २.५) मास्ट पेशी जांभळ्या उठून दिसतात. मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल सुपरऑक्साइड सोडतात. त्यांची गर्दी असलेल्या तुकड्यातलं एमडीए एपिथेलियमचं आहे असं म्हणता येणार नाही.

प्रोस्टेटमध्ये एटिपियाबरोबर स्क्वेमस मेटाप्लासिया (ग्रंथीच्या पेशींच्या जागी त्वचेसारख्या चपट्या पेशी येणं) शोधा, तो एस्ट्रोजेनचा ठसा आहे. गर्भाशयात ग्रंथी आणि स्ट्रोमा यांचं प्रमाण पाहा: हायपरप्लासियात ग्रंथी दाटतात. एटिपिया आहे की नाही, हाच तिथला कळीचा निर्णय.

वाचन किमान दोघांनी करावं आणि गट कुठला ते दोघांनाही माहीत नसावं. ऊतकांच्या श्रेणीला आकडा देणार असाल (०, १, २, ३), तर सरासरीऐवजी मध्यक द्या आणि मान-व्हिटनी किंवा क्रुस्कल-वॉलिस वापरा.

एमडीएच्या चाचणीत रीडिंग दर वेळी वेगळं का येतं?

आधी नेहमीची पद्धत. १.१५ टक्के थंड पोटॅशियम क्लोराइडमध्ये १० टक्के होमोजिनेट करा. ०.२ मिली होमोजिनेट, ०.२ मिली ८.१ टक्के एसडीएस, १.५ मिली २० टक्के अ‍ॅसिटिक आम्ल (पीएच ३.५), १.५ मिली ०.८ टक्के थायोबार्बिट्युरिक आम्ल. पाण्याने ४ मिली. ९५ अंशांवर ६० मिनिटं. थंड करून १ मिली पाणी आणि ५ मिली ब्युटेनॉल-पिरिडीन (१५:१) घालून हलवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचा थर ५३२ नॅनोमीटरला वाचा.

हिशोब असा. १ नॅनोमोल प्रति मिलीला ०.१५६ अ‍ॅबसॉर्बन्स येतं. समजा रीडिंग ०.०७८ आलं, म्हणजे ०.५ नॅनोमोल प्रति मिली, ५ मिली थरात २.५ नॅनोमोल. हे ०.२ मिली होमोजिनेटमधून, म्हणजे २० मिग्रॅ टिश्यूतून आलं. म्हणून १२५ नॅनोमोल प्रति ग्रॅम. इथे ५ च्या जागी ४ मिली धरण्याची चूक इतकी नित्याची आहे की आम्ही प्रबंध तपासताना ती ओळ आधी पाहतो.

आता बिघाड. उकळताना चरबी तिथल्या तिथे ऑक्सिडाइज होते. त्यासाठी मिश्रणात सुमारे ०.०१ टक्के बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) घाला, नाहीतर तुम्ही टेस्टट्यूबमध्ये तयार झालेलं एमडीए मोजता. सुक्रोजच्या बफरमध्ये होमोजिनेट केलं तर साखरही थायोबार्बिट्युरिक आम्लाशी रंग देते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, पाणी इथे ९८ अंशांच्या जवळ उकळतं. ‘उकळत्या पाण्यात’ असं लिहिलेल्या पद्धतीला ही दोन अंशांची तफावत लागू होते, म्हणून थर्मामीटर लावून ९५ अंश राखा आणि तसंच लिहा.

सर्वांत मोठा सापळा टिश्यूच्या घडणीत आहे. सामान्य स्तनग्रंथी बहुतांशी चरबी. गाठ बहुतांशी एपिथेलियम. प्रति ग्रॅम टिश्यू मोजलं तर कंट्रोलमधली चरबीच एमडीए देते. प्रति मिलीग्रॅम प्रोटीन मोजलं तर कंट्रोलमध्ये प्रोटीनच कमी, मग आकडा फुगतो. दोन्हींऐवजी प्रति मायक्रोग्रॅम डीएनए द्या, आणि शेजारच्या चकतीवर एपिथेलियमचा टक्का किती तेही द्या. शक्य असेल तर ८-आयसोप्रोस्टेन (चरबीच्या ऑक्सिडेशनची दुसरी खूण) मोजा. ते एमडीएपेक्षा बरंच विश्वासार्ह आहे.

ग्लुटाथायोन, एसओडी, कॅटालेज करताना कशाने घात होतो?

ग्लुटाथायोन: टीसीएने (ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने) प्रोटीन खाली बसवल्यावर वरच्या द्रवात आम्ल उरतं. बफर (पीएच ८) पुरेसं जोरकस नसेल तर डीटीएनबीचा (ग्लुटाथायोनशी रंग देणाऱ्या अभिकर्मकाचा) पिवळा रंग येतच नाही आणि सगळ्या गटांत ग्लुटाथायोन शून्याजवळ दिसतं. मिश्रणाचा पीएच कागदाने तपासा, मग ४१२ ला पाच मिनिटांच्या आत वाचा.

कॅटालेज: २४० नॅनोमीटरला क्वार्ट्झचीच क्युवेट लागते. १० मिलिमोलर हायड्रोजन पेरॉक्साइडचं सुरुवातीचं अ‍ॅबसॉर्बन्स ०.४३ च्या आसपास यायला हवं. कमी आलं तर बाटली उन्हाळ्यात उडालेली आहे, नवी उघडा. पहिल्या ३० सेकंदांचाच उतार घ्या.

एसओडी (पायरोगॅलॉल, ४२० नॅनोमीटर, पीएच ८.२): सॅम्पल न घालता मिनिटाला सुमारे ०.०२ वाढ मिळेपर्यंत पायरोगॅलॉलचं प्रमाण जुळवा. पायरोगॅलॉल रोज ताजं, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात. ५० टक्के अवरोध म्हणजे एक युनिट. अवरोध ८० टक्क्यांच्या वर गेला तर सॅम्पल पातळ करा.

काही प्रबंधांत एसओडी वाढलेलं, काहींत घटलेलं. खरं काय?

दोन्ही, वेळेनुसार. सुरुवातीला एनआरएफ-२ (संरक्षक जनुकं चालू करणारं प्रथिन) सक्रिय होऊन संरक्षक एन्झाइम्स वाढतात. नंतर ती खर्ची पडतात किंवा स्वतःच ऑक्सिडाइज होतात. तयार गाठीत मात्र काही वेळा ग्लुटाथायोन पुन्हा वाढतं, कारण गाठीलाही जगायचं असतं. एकाच दिवशी मोजलेल्या एका आकड्यावरून ‘अँटिऑक्सिडंट क्षमता ढासळली’ असं लिहिणं चूक आहे.

८-ऑक्सोग्वानिन मोजावं का?

मोजावं, पण डीएनए वेगळं करताना नवं ऑक्सिडेशन होऊ देऊ नका. फिनॉल टाळा, सोडियम आयोडाइडची पद्धत वापरा, द्रावणांत डेस्फेरिऑक्सामाइन घाला. एलायझाने (प्रतिपिंडावर आधारलेल्या चाचणीने) येणारे आकडे एलसी-एमएसपेक्षा (रेणूचं वस्तुमान मोजणाऱ्या पद्धतीपेक्षा) चढे असतात. दोन पद्धतींचे आकडे एका तक्त्यात मांडू नका. पॅराफिन सेक्शनवर इम्युनोस्टेन केल्यास एक फायदा मिळतो: इजा एपिथेलियमच्या केंद्रकात आहे की दाहपेशींत, हे डोळ्यांना दिसतं.

प्राण्यांऐवजी पेशींवर काम करता येईल का?

बरंचसं येईल. विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र पेशींच्या ओळी पुरवतं. एस्ट्रोजेनला प्रतिसाद हवा तर एमसीएफ-७ किंवा टी-४७डी. फिनॉल रेडला सौम्य एस्ट्रोजेनी परिणाम असतो, म्हणून ते नसलेलं माध्यम आणि चारकोलने धुतलेला सीरम, प्रयोगाच्या ४८ ते ७२ तास आधीपासून. डोस ०.१ ते १ नॅनोमोलर. दहा मायक्रोमोलर एस्ट्राडायॉलमध्ये दिसलेली इजा शरीरात घडते असं म्हणता येत नाही. डीसीएफएच-डीए ही ऑक्सिडेशनने चमकणाऱ्या रंगाची चाचणी (१० मायक्रोमोलर, ३० मिनिटं, अंधारात) सगळ्यांना सोपी वाटते, पण मोकळं लोह आणि पेरॉक्सिडेजनेही ती चमकते. कॅटालेज घातल्यावर चमक उतरते का, हा कंट्रोल हवाच.

हळदीचा किंवा दुसऱ्या वनस्पतीचा अर्क दिला आणि एमडीए उतरलं. अर्क कर्करोगरोधक आहे का?

इतक्यावरून नाही. हळदीतलं कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, म्हणजे एसओडी आणि ग्लुटाथायोन या दोन्ही चाचण्यांच्या अंगणात. अर्कासह पण अभिकर्मकाविना ब्लँक लावा. शिवाय अर्काने एस्ट्रोजेनचं शोषण किंवा प्राण्याचं खाणं कमी केलं तर गाठी लहान राहतात आणि लहान गाठीत नेक्रोसिस कमी म्हणून एमडीए कमी. वजन, रक्तातलं एस्ट्राडायॉल आणि सारख्या आकाराच्या गाठींची तुलना, हे तिन्ही असल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

आमच्या घरी रुग्ण आहे. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या द्याव्यात का?

डॉक्टरांना न विचारता देऊ नका. एसीआय रॅटमध्ये ‘क’ जीवनसत्त्वाने एस्ट्रोजेनजन्य गाठी कमी झाल्या हे खरं आहे. माणसांत मात्र अनुभव वेगळा आला. ३५,५३३ पुरुषांवरच्या सिलेक्ट चाचणीत रोज ४०० युनिट ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला. हे २०११ मध्ये जाहीर झालं. धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीन दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग वाढला. शिवाय रेडिएशन आणि काही केमोथेरपीची औषधं ऑक्सिडेटिव्ह इजेनेच गाठीच्या पेशी मारतात. जेवणातल्या भाज्या, फळं, आमटीतली हळद यांना कोणाची ना नाही. प्रश्न मोठ्या डोसच्या गोळ्यांचा आहे.

रजोनिवृत्तीनंतरची हॉर्मोन्स घ्यावीत की नाही?

कोणती, किती काळ आणि कोणाला, यावर ते आहे. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं हॉर्मोन) एकत्र घेणाऱ्यांचा गट सरासरी ५.२ वर्षांनी, २००२ मध्ये थांबवला गेला. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे ८ रुग्ण जास्त होते. गर्भाशय काढलेल्या आणि फक्त एस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत अशी वाढ दिसली नाही. गर्भाशय असताना एकटं एस्ट्रोजेन मात्र घेऊ नये, त्याने आतल्या अस्तराचा हायपरप्लासिया होतो.

आईची पाळी जाऊन सहा वर्षं झाली, आता थोडा रक्तस्राव झाला. थांबून पाहावं का?

थांबू नका, एकदाच आणि थोडासा झाला असला तरी. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सोनोग्राफीत अस्तराची जाडी ४ मिमीच्या वर असेल तर तुकडा तपासावा लागतो. रक्तस्राव पुन्हा झाला तर जाडी कमी असली तरीही. वजन जास्त असेल तर हे अधिकच महत्त्वाचं, कारण पाळी गेल्यावर एस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत, अ‍ॅरोमाटेज एन्झाइमने तयार होतं. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर तेही आधी सांगा, कारण ते गर्भाशयाच्या अस्तरावर एस्ट्रोजेनसारखं काम करतं. रिपोर्टमध्ये ‘एटिपियाविना हायपरप्लासिया’ असेल तर बहुधा प्रोजेस्टिनवर भागतं. ‘एटिपियासह’ असेल तर गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळू शकतो. जाताना जुने सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी सोबत न्या.